कांबळेबाई आणि भरमाचा दिवा

आमच्या घरात काही बंद पडलं की बाकीच्यांचे चेहरे उतरतात आणि मला मात्र एकदम हलकं वाटतं. ही काही शहाण्या माणसाची लक्षणं नव्हेत, हे मला कळतं. परवा इस्त्री बंद पडली, तेव्हा मी ती उलटी धरून "काय झालं गं, का रुसलीस?" असं विचारत होते आणि सून दारातून बघत होती. तिला काय सांगणार? हे खूळ मला निपाणीला लागलं, कांबळेबाईंकडून. इस्त्री शेवटी दुकानातच न्यावी लागली, पण तो भाग वेगळा.

कुसुम कांबळे, बी.एस्सी., बी.एड. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. मी खानापूरकडच्या एका खेड्यातून पहिलीच नोकरी म्हणून तिथं मराठी शिकवायला आले, तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. पहिल्या दिवशी मला बाई दिसल्या त्या पाठमोऱ्या. फळ्यावर फुप्फुसांची आकृती काढत होत्या आणि अंबाड्यात, जिथं दुसरी एखादी गजरा माळेल तिथं, हिरव्या मुठीचा टेस्टर खोचलेला होता. मला वाटलं निपाणीत अशी फॅशन असेल. पुढं एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या टेस्टरकडं बोट करून "हे काय?" म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, "खडू शाळा देते सर, हा माझा मला आणावा लागतो." साहेब पुढच्या वर्गात गेले.

बुटक्या, सावळ्या, चालण्यात घाई. आवाज असा की शेवटच्या बाकावरची पोरगीही दचकावी. वर्गात छापील मराठी बोलायच्या आणि वर्गाच्या उंबऱ्याबाहेर पाय पडला की "काय गं, जेवलीस का न्हाय?" त्यांच्या तोंडून "बिघडलंय" हा शब्द मी कधी ऐकला नाही. रेडिओ रुसायचा, शेगडी रुसायची, शाळेचा पंप तर वर्षातून चार महिने माहेरी गेलेला असायचा. रुसलेल्याची आधी समजूत काढायची, हा त्यांचा नियम. समजूत काढायची ती मराठीत. तरीही ऐकलं नाही तर मग कन्नडमधून दम. "सुम्न कुंद्र!" म्हणजे गप बस, असं एकदा त्यांनी गुरगुरणाऱ्या टेबलफॅनला सुनावलेलं मी स्वतः ऐकलंय. मी विचारलं, "कन्नड कशाला बाई?" तर म्हणाल्या, "आगं, लाइट बोर्डाची माणसं कन्नड, लाइटला तेच जास्त कळणार की." गावात तेव्हा पाट्या कुठल्या भाषेत लावायच्या यावरून डोकी फुटायची वेळ यायची, आणि बाईंनी आपल्या सोप्यात, पुढच्या खोलीत, दोन्ही भाषांना कामं वाटून दिली होती.

आता इथं सांगून टाकते, बाई काही मोठ्या कारागीर नव्हत्या. त्यांच्या हातून निम्म्या वस्तू चालू व्हायच्या, निम्म्या व्हायच्या नाहीत, आणि चालू झालेल्यांतल्याही काही भलत्याच चालायच्या. शाळेची विजेची घंटा रुसली तेव्हा मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, माणूस बोलवू. बाई म्हणाल्या, माणूस कशाला, मी आहे. स्टुलावर चढल्या, झाकण काढलं, समजूत काढली, घंटा वाजली. वाजली ती थांबेचना. मुलींना काय, घंटा झाली म्हणजे शाळा सुटली! दप्तरं उचलून सगळी शाळा फाटकाबाहेर. मुख्याध्यापिकाबाई मैदानात उभ्या राहून हात हलवताहेत, घंटेच्या आवाजात त्यांचा शब्द ऐकू येत नाही, आणि बाई स्टुलावरून शांतपणे सांगताहेत, "वाजत नव्हती, ती वाजायला लागली. थांबायचं उद्या बघू."

माझ्या टेबलफॅनचंही तेच. दुरुस्त करून दिला तेव्हा त्यांच्या मुठीत चार स्क्रू उरलेले. मी घाबरून विचारलं, "हे कुठले?" तर म्हणाल्या, "कंपनीवाले जास्तीचे घालत्यात." त्या दिवसापासून तो पंखा वारा छान द्यायचा, पण चालता चालता टेबलाच्या कडेला यायचा. मी त्याला सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधून ठेवला होता, गाय बांधतात तसा.

पण माणसं त्यांच्याकडं वस्तू आणायचीच. कारण एकच. वस्तू घेऊन बाईंच्या कट्ट्यावर बसलं की जिवाला घोर राहायचा नाही. त्या आधी माणसाला चहा द्यायच्या, मग वस्तूकडं बघायच्या.

हा कट्टा बरोबर आमच्या घरासमोर होता. आमच्या म्हणजे तानाक्का पाटलांच्या. तानाक्काची शेती संकेश्वरच्या बाजूला, ऊस कारखान्याला जायचा. नवरा गेल्यावर ती निपाणीतल्या घरी राहायला आली होती, आणि माडीवरची खोली मला भाड्यानं दिली होती. उंच, गोरी, कपाळावर गोंदण, हुकूम करायची सवय. घरात सून विमल, आणि एकुलता एक मुलगा भरमा, जो घरात कधी नसायचाच. तो लोंढ्याहून गाडी पकडून गोव्याला बंदरात कामाला गेला, आणि तिथून पुढं मालवाहू जहाजावर लागला. जमिनीवरच्या माणसांच्या घराण्यातलं पोर दर्यावर गेलं म्हणून भावकीत अजून नवल चाललं होतं.

बाईंचं आणि तानाक्काचं घर समोरासमोर, मध्ये फक्त बोळ. दारात उभ्या राहून दोघी रोज बोलायच्या, भाजी कितीला दिली इथपासून पावसापर्यंत. पण बाई बौद्ध. त्यांच्या वडिलांचं आयुष्य तंबाखूच्या वखारीत हमालीत गेलेलं. तानाक्काच्या सोप्यात खिडकीच्या वरच्या फळीवर एक कपबशी वेगळी ठेवलेली होती, ती कुणासाठी हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि फार राग आला. बाईंना ते मी येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. त्या त्या घरचा चहा कधीच घ्यायच्या नाहीत. "नगं आक्का, ऊन वाढलंय," म्हणायच्या, भर थंडीतसुद्धा. आणि कुणाच्याही घरात जाऊन दुरुस्ती करायच्या नाहीत. "मी कुणाच्या आतल्या घरात जात न्हाय. वस्तू भाईर आणा." मला वाटतं, कुणीतरी "आत येऊ नका" म्हणण्याची वेळच येऊ नये, म्हणून त्यांनी तो नियम स्वतःच करून टाकला होता. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि मी कधी विचारलं नाही.

तर, भरमाचा दिवा.

एका उन्हाळ्यात भरमा सुट्टीवर आला तो परदेशातून एक अजब दिवा घेऊन. खाली पितळी रंगाची बैठक, तिच्यात बल्ब. बैठकीवर निमुळती काचेची बाटली, बाटलीत पिवळं पाणी आणि तळाशी लाल मेणासारखा गोळा. बल्ब लावून तासभर थांबलं की गोळा मऊ व्हायचा, त्याला बोट फुटायचं, बोट लांब होऊन तुटायचं आणि तो तुकडा डुलत डुलत वर जायचा. वर जरा टेकायचा, पुन्हा खाली यायचा. सगळी गल्ली बघायला लोटली. कुणी म्हणालं देवाची करणी, कुणी म्हणालं दारू. बाई त्या दिवशी बोळात उभ्या राहून खिडकीतून बघत होत्या. आत कुणी बोलावलं नाही. बघताना मान अशी वाकडी केली होती की मला हसू आलं. त्यांचे हात शिवशिवत होते हे स्पष्ट दिसत होतं.

भरमा परत जहाजावर गेला आणि तानाक्कानं दिवा देवघरात ठेवला. रोज संध्याकाळी देवापुढं समई लावायची आणि हा दिवाही लावायचा. गोळा वर चढला की हात जोडायचे. "माझ्या भरमाचा जीव हाय त्यात," असं ती एकदा म्हणाली. आम्ही हसलो. ती हसली नाही.

त्या वर्षी गणपतीनंतर भरमाची काही खबर आली नाही. जहाजावरच्या माणसाचं असंच असतं, मधे दोन-दोन महिने काही कळत नाही, असं विमलही सांगायची आणि मीही. मग नवरात्र आलं. घट बसले. नऊ दिवस दिवा अखंड तेवता ठेवायचा, हे तर सगळ्यांच्याच घरी. तानाक्कानं ठरवलं की समईबरोबर भरमाचा दिवाही अखंड ठेवायचा. मेणाच्या गोळ्याला विश्रांती लागते, हे तिला कोण सांगणार? दोन दिवसांत बल्ब उडाला. तिनं विमलला नवा आणायला लावला आणि बजावलं, "मोठा आण. देवाचं काम हाय." विमलनं शंभर वॅटचा आणला.

पुढं जे व्हायचं तेच झालं. बाटली तापली, गोळा सगळा वर जाऊन बसला आणि खाली येईना. तानाक्काला वाटलं, आत कोंडलंय काहीतरी. तिनं फडक्यानं बाटली धरली आणि गदागदा हलवली, लोणच्याची बरणी हलवतात तशी. झालं! गोळ्याचा भुगा झाला आणि पाणी ताकासारखं गढूळ. थंड केलं, परत लावलं, काही नाही.

दसऱ्याला घट उठले, सोनं लुटलं, गल्लीनं गोडाधोडाचं जेवून उपास सोडले. तानाक्कानं सोडला नाही. "दिवा उठल्याबिगर मी अन्न घेणार न्हाय," म्हणाली आणि पाठ करून निजली. मला आधी तो हट्ट वाटला. पण दुसरा दिवस गेला, तिसरा गेला, तानाक्का थोडं दूध आणि एखादं केळं यावरच. विमलनं इलेक्ट्रिकवाल्याला बोलावलं. त्यानं बाटली उजेडात धरली आणि सांगितलं, फॉरेनचं आहे, हे टाका आणि नवं मागवा. हे त्यानं तानाक्कासमोर सांगितलं! दुसऱ्या दिवशी नळावर तिला चक्कर आली. डॉक्टर येऊन रागावून गेले. या वयात नवरात्राच्या उपासावर आणखी उपास काढला तर मला बोलावू नका, म्हणाले. विमल जिन्यात येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. नवऱ्याचा पत्ता नाही आणि सासू डोळ्यांदेखत वाळत चाललेली.

मी शाळेत बाईंना सांगितलं. त्या दसऱ्याला पांढरी साडी नेसून त्यांच्या लोकांबरोबर दूरच्या विहारात गेल्या होत्या आणि आदल्या रात्रीच परतल्या होत्या, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

"मी देवघरात येणार न्हाय," त्या म्हणाल्या. "आन ती दिवा माझ्याकडं देणार न्हाय."

"विचारून तर बघते."

"बघ. पर सांग तिला, देवाधर्माचं मी दुरुस्त करत न्हाय. वायर, बल्ब, पाणी, मेण, एवढंच बघते."

मी निरोप दिला. तानाक्का भिंतीकडं तोंड करून पडली होती. आधी तिनं पांघरूण डोक्यावर ओढलं. मग म्हणाली, "देवाम्होरचा दिवा हाय त्यो." मी जिना चढायला लागले तेव्हा मागून आवाज आला, "कवा बोलावलंय?"

रविवारी दुपारी दिवा मी उचलला आणि विमलनं तानाक्काला आधार दिला. होय, तानाक्का स्वतः आली. मोठ्या मनानं आली असं वाटत असेल तर तसं काही नव्हतं. "माझा दिवा हाय, माझ्या नजरंखाली ऱ्हायला पायजे. मी येतो," असं तिचं म्हणणं. आमच्याकडं बायकाही येतो-जातोच म्हणतात. इतक्या वर्षांत तिनं तो बोळ पहिल्यांदा ओलांडला, तो बाईंवर नजर ठेवायला!

बाईंनी कट्ट्यावर सतरंजी घातली होती. तानाक्का टेकली. बाईंनी बाटली हातात घेतली, उन्हात धरली, आणि माझ्या मनात एकदम शाळेची घंटा वाजायला लागली. हे काम जमलं नाही तर? या वेळी गंमत नव्हती. बाईंनाही ते कळलेलं होतं. टेस्टर अंबाड्यातून काढून त्यांनी बाजूला ठेवला, त्याचं इथं कामच नव्हतं.

"मेलाय का त्यो?" तानाक्कानं विचारलं.

"रुसलाय," बाई म्हणाल्या.

सोड्याच्या बाटलीला असतं तसं पत्र्याचं झाकण होतं, ते पकडीनं हळूच उचकटलं. रॉकेलसारखा वास आला. बाईंनी सगळ्यांना लांब बसायला सांगितलं. गढूळ पाणी ओतून टाकलं, मेण तेवढं राखलं. गॅरेजमधून बॅटरीत घालायचं स्वच्छ पाणी आणून ठेवलं होतं, ते बाटलीत भरलं. मेणाच्या कणांनी एकमेकांना धरावं म्हणून की काचेला चिकटू नये म्हणून, ते मला आता नीट आठवत नाही, पण रिठ्याच्या पाण्याचे दोन थेंब टाकले. तानाक्का म्हणाली, "ह्यानं मी केस धुतो." बाई म्हणाल्या, "मग गुण ठाऊकच हाय की तुमास्नी."

आता दिवा लावून बघायचा, तर कट्ट्यावर बटण कुठलं? बटण होतं ते आत, स्वयंपाकघरात. बाई उंबऱ्यात थांबल्या. त्यांनी तानाक्काकडं पाहिलंही नाही. "मी आत लावते आक्का. तुमी हितंच बसा, झालं की हाक मारते," म्हणाल्या. म्हणजे परत तेच, नकार यायच्या आधीच वाट करून दिली. तानाक्का भिंतीला धरून उठली. "आन हिकडं बसून मी काय बघू?" असं म्हणत ती आत गेली, आणि चुलीशेजारी भिंतीला टेकून बसली. वर बुद्धाची तसबीर होती.

चाळिसाचा बल्ब लावला. तास गेला. भुगा वितळून पुन्हा एक गोळा झाला, इथवर छान. पण तो तळाशी ढिम्म. बाईंनी वाटीत मिठाचं पाणी केलं आणि चमच्यानं बाटलीत सोडलं. आणखी सोडलं. घाई झाली असावी. गोळा एकदम उठला, सगळाच्या सगळा वर गेला आणि बाटलीच्या गळ्याशी जाऊन चिकटला. तानाक्काच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरणार नाही. विमलनं तिचा हात धरला.

बाईंनी स्वतःलाच कन्नडमधून दोन शिव्या घातल्या. मग पदरानं घाम पुसला आणि तानाक्काच्या पुढ्यात येऊन बसल्या. वर्गात बोलतात तशा नाही, अगदी हळू बोलल्या. "आक्का, माझं मीठ जास्त झालं. दिव्याचं काय चुकलं न्हाय. ह्ये बघा, मेणाचा गोळा हाय. खालनं तापला की फुगतोय, हलका हुतोय, वर जातोय. वर गार पडला की खाली येतोय. पाणी साधं असलं तर त्येला वर उचलवत न्हाय. मीठ घातलं की पाणी जड हुतंय, आन जड पाणी त्येला उचलून धरतंय."

तानाक्का बाटलीकडं बघत राहिली.

"खारं पानी उचलून धरतंय?"

"व्हय."

"भरमा म्हणला हुता," ती म्हणाली. "मी त्येला म्हणलं, दर्यात पडलास तर रं? तर म्हणला, आये, दर्याचं पानी खारं असतंय, आपल्या हिरीवानी न्हवं, माणसाला वर धरतंय. मला वाटलं, आईचं मन राखाय बोलतोय."

"खरं बोललाय."

"खरं?"

"खरं. बघा की डोळ्यानं."

बाईंनी बाटलीतलं थोडं पाणी काढलं, साधं घातलं. गोळा पुन्हा खाली बसला. मग त्यांनी चमचा तानाक्काच्या हातात दिला. "आता तुमी घाला. बेतानं. माझ्यावानी घाई करू नगा." ती एक चमचा घालायची आणि थांबायची, आमच्या सगळ्यांचे डोळे तळाशी. बाहेर वखारीवरून येणाऱ्या बायका बोलत बोलत गेल्या. आणखी एक चमचा. गोळ्याला वरच्या अंगाला फुगवटा आला. फुगवट्याचं बोट झालं. बोट लांबलं, तुटलं, आणि तो तुकडा डुलत डुलत वर निघाला. अर्ध्यावर जरा थबकला. मग वर जाऊन टेकला, आणि सावकाश खाली आला.

विमल रडायलाच लागली. बाईंनी पाण्यात पेनातल्या निळ्या शाईचा थेंब सोडला, कारण तानाक्का म्हणाली होती की नुसतं पाणी उघडं-उघडं दिसतंय. शाई पसरली. "दर्यावानी झालं," तानाक्का म्हणाली.

"आता सांगा," बाईंनी विचारलं. "शंभराचा बल्ब कुणी लावला?"

"मीच."

"आन गदागदा कुणी हालवला?"

"मीच की."

"मग ह्यात भरमानं काय केलं?"

तानाक्कानं दिव्याकडं पाहिलं. मग तिचा चेहरा हळूहळू सैल होत गेला आणि ती हसली, पोट धरून हसली, आणि हसताना डोळ्यांतून पाणी. मग एकदम थांबून तिनं बाईंचं मनगट धरलं. "म्हंजे माझा भरमा बरा हाय?"

दुसरं कुणी असतं तर "हो" म्हणून मोकळं झालं असतं. मी तर म्हणणारच होते. बाई म्हणाल्या, "त्ये मला ठाऊक न्हाय आक्का. मला दिव्याचं ठाऊक. दिवा तुमच्या हातनं बंद पडला आन तुमच्या हातनं उठला. भरमाचं भरमा येऊन सांगंल. तवर तुमी जगाय नगं व्हय?"

तानाक्कानं मनगट सोडलं नाही. मग म्हणाली, "जेवाय काय केलंयस गं?"

बाईंना कळेना. "माझ्याकडं?"

"मग? घराकडं जाऊस्तवर चक्कर यीऊन पडू व्हय मी?"

विमल माझ्याकडं बघायला लागली, मी विमलकडं. बाई उठल्या. "लई दिसांचा उपास हाय, आदी ताक-भात घ्या," म्हणाल्या. "भाकरी घाल," तानाक्का म्हणाली. बाईंनी परात ओढली, पीठ घेतलं. हा हात उघड्या वायरींना धरताना मी कधी कापताना पाहिला नव्हता, आणि त्या दिवशी पहिली भाकरी तव्यावर टाकताना मोडली. दुसरी नीट झाली. तानाक्कानं मोडलेलीच मागून घेतली, वांग्याच्या भाजीशी खाल्ली, वर ताक प्याली. मला त्या क्षणी इतकं सुटल्यासारखं झालं की मीही जेवायला बसले, आणि मी तर दुपारीच जेवले होते.

यानंतर सगळं जग बदललं असं काही मी सांगणार नाही. भावकीत कुजबुज झालीच. एक चुलत दीर मुद्दाम संकेश्वरहून विचारायला आला, की पाटलाच्या बाईनं उपास कुठं सोडला. तानाक्का म्हणाली, "भावकीनं दिवा दुरुस्त केलता काय?" त्याला चहा देऊन तिनं वाटेला लावलं. फळीवरची ती कपबशी काही दिवसांनी तिथं दिसेना. विमलला विचारलं तर म्हणाली, आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, सगळ्या कपांत मिसळून टाकली, आता कुठली ती मलाही सांगता येत नाही. दिवा संध्याकाळी तासभर लावायचा आणि मग बंद करायचा, हा बाईंचा हुकूम तानाक्कानं पाळला.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी भरमा बॅग खांद्यावर टाकून बोळात उभा राहिला. जहाज दुरुस्तीसाठी कुठल्याशा बंदरात अडकून पडलं होतं, एवढीच त्याची कथा. तानाक्कानं आधी त्याच्या पाठीत दोन रट्टे घातले आणि मग त्याला मिठी मारली. तो देवघरात गेला आणि ओरडला, "आये, आपला दिवा पिवळा हुता की!" तानाक्का म्हणाली, "हुता. मी निळा केला." आणि बोळापलीकडं हाक मारली, "कुसुम, ये गं, पोरगा आलाय!" बाई कट्ट्यावर कुणाचा तरी रेडिओ खोलून बसल्या होत्या. त्या उठल्या, आणि बोळ ओलांडून सोप्यापर्यंत आल्या. त्या दिवशी एवढंच. पण चहा घेतला.

पुढं माझं लग्न झालं आणि मी बेळगावला आले. निपाणीला जाणं कमी झालं. शेवटचं जाणं झालं ते ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा, एका लग्नासाठी. बाईंना भेटायचंच म्हणून जेवणाच्या वेळी गल्लीत गेले. त्यांच्या दाराला कुलूप. कट्ट्यावर कुणाची तरी शिवणाची मशीन झाकून ठेवलेली. मी परत फिरणार तोच समोरच्या घरातून तानाक्काचा आवाज आला, म्हातारी झाली तरी आवाज तोच.

मी आत गेले. तानाक्का चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत होती. बाई तिच्या शेजारी, ताट पुढ्यात वाढलेलं आणि मांडीवर मिक्सर उघडा करून ठेवलेला. केस पांढरे झाले होते. मला बघून तोंडभर हसल्या, पण पक्कड काही खाली ठेवली नाही.

"बरी आलीस," तानाक्का मला म्हणाली. "ह्या कुसुमला तू तरी सांग. भाकरी गार हुतीया आन हिचं मिक्सरसंगट चाललंय."

"एकच वायर हाय आक्का."

"आदी जेव म्हणतो न्हवं?"

एखादी वस्तू अर्धी उघडी टाकून बाई कधी कुणाच्या सांगण्यावरून उठल्या असतील, असं मला आठवत नाही. त्यांनी मिक्सर मांडीवरून उतरवून बाजूला सरकवला, हात धुतला, भाकरीचा तुकडा मोडला, आणि तानाक्कानं त्यांच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी टाकली.